पाळणा सुटल्यावर
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



दर महिन्याच्या सभेत सभासदांपैकी कोणीतरी आपल्या माहितीच्या विषयावर बोलावे असा आपल्या मंडळाचा पाठ आहे. आतापर्यंत लोणच्यांवर बोलून झाले, भरतकामावर झाले, बचतीवरही झाले. या खेपेस चिटणीसबाईंनी माझे नाव पुढे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. व्यासपीठावरून बोलायची सवय नाही, तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्यावे. विषय मात्र माझ्या रोजच्या कामातला आहे. आमच्या घरी एकोणीस महिन्यांची नात आहे. सूनबाई इस्पितळात परिचारिका. तिच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या, त्यामुळे नात माझ्यापाशी आणि सासूबाईंपाशी आतल्या खोलीत निजते. गेल्या वर्षी तिचा पाळणा सुटला आणि ती पलंगावर आली. त्या वेळी आम्ही खोलीत काय काय फिरवाफिरव केली ते सांगणार आहे. औषधपाण्याचा भाग सूनबाईंनी तपासून दिला आहे, तो माझ्या पदरचा नाही.

पाळणा म्हणजे बाळाची चार भिंतींची एक लहानशी खोलीच असते. त्यात काय ठेवायचे, काय नाही, ते आपण ठरवतो. पाळणा काढला की त्या चार भिंती जातात आणि आपली सगळी खोली बाळाचा पाळणा होते. गंमत अशी की पाळण्यात आपण टाचणीसुद्धा पडू देत नाही, आणि खोलीत मात्र इस्त्री, शिवणाचे यंत्र, सासूबाईंची औषधे, मोबाइलचे चार्जर आणि पलंगाखाली लोटलेले सगळे काही असते. बाळाची वेगळी खोली ही गोष्ट आपल्यापैकी किती जणींकडे आहे? आमच्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या निजतात. म्हणून बाळाची खोली अशी सजवा, तशी रंगवा, हे पुस्तकी सांगणे आपल्या उपयोगाचे नाही.

पाळणा सोडायचा केव्हा, हे मला पुष्कळ जणी विचारतात. कडीला टांगलेला आपला पाळणा फार दिवसांचा सोबती नव्हे. बाळ हाता-गुडघ्यांवर उठू लागले, कठडा धरून बसू लागले, की त्याचा तोल जाऊन पाळणा कलंडतो. तेव्हा वर्ष भरण्याची वाट पाहू नये. जमिनीवर उभी राहणारी, उंच कठड्याची खाट असेल तर ती जास्त दिवस चालते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने अशा खाटेसाठी ३५ इंच उंचीची मर्यादा सांगितली आहे. त्याआधीच मूल कठड्यावर पाय टाकू लागले तर त्याच दिवशी ती खाट बंद. पहिल्यांदा चढले ते कौतुकाचे वाटते, पण दुसऱ्यांदा ते डोक्यावर पडते. आमची नात आधी पाळण्यात आणि मग शेजारून आणलेल्या अशा खाटेत होती. पंधराव्या महिन्यात तिने खाटेतल्या उशीवर पाय देऊन कठड्यावर पोट टेकवले, आणि सूनबाईंनी संध्याकाळपर्यंत खाट परत पाठवली.

जुन्या साडीची झोळी बांधणाऱ्या पुष्कळ जणी इथे आहेत. बाळ झोळीतून बाहेर आले की झोळी सोडून, धुऊन, घडी करून ठेवा. ती टांगलेली राहू देऊ नका. थोरली भावंडे तिच्यात बसून गरागरा फिरकी घेतात आणि साडीचा पीळ गळ्याभोवती आवळतो. ओरडायलाही आवाज फुटत नाही. ही भीती घालण्यासाठी रचलेली गोष्ट नव्हे, असे अपघात झालेले आहेत.

आता पलंग. आमचा सामान ठेवायचा पेटीचा पलंग आहे. मी मोजपट्टी लावली, तर फळी अठरा इंच आणि वर सहा इंचांची गादी, म्हणजे जमिनीपासून दोन फूट झाले. खाली फरशी. एवढ्या उंचीवरून झोपेत पडलेले मूल बहुधा रडून गप्प होते, पण 'बहुधा'वर नात निजवायला माझे मन घेईना. आम्ही पेटी आहे तिथेच राहू दिली, तिच्यावर सासूबाई निजतात, आणि मी व नात खाली गादीवर. आपल्या आजीपणजींनी हेच केले. जमिनीवरून कोणी पडत नाही.

पण हे शहरातल्या तिसऱ्या मजल्याचे झाले. माझे माहेर महाडकडचे. तिथे सुटीला गेले की मी नातीला जमिनीवर निजवत नाही. मण्यार रात्रीची हिंडते, जमिनीवर निजलेल्याला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचे कळतसुद्धा नाही. विंचवाचे तर विचारूच नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध वापरून आमच्या भागातली किती माणसे वाचवली! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात जणू घरचेच कार्य होते. तर गावी बुटकी खाट घ्यावी, ती भिंतीपासून दूर ओढावी, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचावी आणि निजण्याआधी अंथरूण झटकावे.

पलंगाची एक बाजू भिंतीला लावली की निर्धास्त झालो, असे आपल्याला वाटते. नेमके तिथेच फसायला होते. गादी आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट असली की झोपेत सरकलेले बाळ पायांकडून तिच्यात घसरते, अंग खाली जाते आणि डोके वर अडकते. पलंग भिंतीपासून चांगला हातभर दूर तरी ठेवावा, नाहीतर फट अजिबात राहू देऊ नये. गादी दाबून पाहावी, कारण वरून बसलेली दिसली तरी वजनाने ती सरकते. तीच गोष्ट उशांची. दोन्ही बाजूंना उशा आणि लोड लावून आपण बाळाला कोट बांधतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाचे तोंड त्या उशीत दडपले तर त्याला मान वळवता येत नाही, आणि वर्षावरच्याला त्याच उशीची पायरी होते. बाजारात पलंगाला लावायची जाळीची आडकाठीही मिळते. ती दोन वर्षांच्या आतल्या मुलाला लावू नये, कारण तिच्या आणि गादीच्या मध्येही मूल अडकते. एकूण काय, कोट बांधण्यापेक्षा उंची कमी करावी.

यापुढची गोष्ट मी अगदी मनापासून सांगते. एक दिवस घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा आणि तुमच्या खोलीत गुडघ्यांवर रांगत फिरा. हसू नका. मी फिरले. उभ्याने स्वच्छ दिसणारी खोली खालून वेगळीच दिसते. पलंगाखाली मला सुपारीचे खांड, एक रुपयाचे नाणे, दोन आकडे, मंगळसूत्रातले तीन काळे मणी आणि कानातल्याचा मळसूत्री फिरका सापडला. मी रोज केर काढणारी बाई आहे बरे का! केरसुणी पलंगाच्या पायापर्यंत जाते, मूल पायाच्या पलीकडे जाते. सव्वा इंचाच्या भोकातून जी वस्तू आत जाईल ती मुलाच्या घशात अडकू शकते, असे सूनबाईंनी सांगितले. म्हणून पुठ्ठ्याला तेवढे भोक पाडून मी तो दाराच्या खिळ्याला टांगला आहे. आपल्या बांगड्यांत अडकवलेल्या पिनांकडेही जरा लक्ष असू द्या. बाळाला थोपटताना त्याच गळून पडतात.

या सगळ्यात मला सर्वांत जड गेला तो सासूबाईंचा कोपरा. खोली तशी त्यांचीच. वय चौऱ्याहत्तर. उशाशी औषधांचा डबा, पानाचे तबक, अडकित्ता, पूजेचा कापूर. हात लांबवला की सापडले पाहिजे, कारण रात्री दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाला हे उचला, ते हलवा, असे सांगणे सोपे नसते. आमच्याकडे दोन दिवस अबोला होता. मग त्या म्हणाल्या, "आम्ही काही केले नाही, तरी माझी सहा मुले वाढलीच ना?" मी गप्प बसले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "सहा नव्हे, सात होती."

सातवा मुलगा दोन वर्षांचा होता. दुपारची वेळ, सगळ्या बाया माजघरात पडलेल्या, तोही चटईवर निजलेला. केव्हा उठला, केव्हा परसदारी गेला, कोणाला कळले नाही. परसात गुरांचा हौद होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, पण हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. त्या म्हणाल्या, "पाळण्यात होता तोवर कड्या करकरायच्या. उठला की कळायचे. चटईवरून उठलेल्या मुलाचा आवाज होत नाही गो."

माझ्या साऱ्या मोजपट्टीपेक्षा हे एक वाक्य मोलाचे होते. पडण्याची काळजी आपण सगळ्या जणी करतो. पण पाळणा सुटला म्हणजे मूल आता आपल्याला न विचारता उठू शकते, हे ध्यानात येत नाही. सासूबाईंनी आपल्या पेटीतून गावच्या गाईच्या गळ्यातली घाटी काढून दिली. ती आम्ही खोलीच्या दाराला वरच्या अंगाला बांधली आहे. दार हलले की ती वाजते. मुलाच्या पायातले घुंगरू त्यासाठी नको, ते निसटते आणि तोंडात जाते. मुलाला आत ठेवून बाहेरून कडीही लावू नये. धूर झाला, मूल अडकले, तर त्या कडीपायी वेळ जातो. उलट आतल्या बाजूची खालची कडी आम्ही काढून टाकली, कारण दीड वर्षाचे पोर ती लावते आणि त्याला ती उघडता येत नाही. न्हाणीघराला बाहेरून उंच कडी लावली. रात्रीची पाण्याची बादली भरून ठेवायची सवय मोडणे कठीण, कारण पाणी सकाळी येते न येते. तेव्हा बादलीवर घट्ट झाकण आणि न्हाणीघराला कडी, दोन्ही हवे. वाकून पाहणाऱ्या मुलाचे डोके जड असते, आणि वीतभर पाण्यातूनही त्याला मागे येता येत नाही.

औषधांचे काय केले ते सांगते. माणसाच्या उंचीवर भिंतीतले फडताळ होते, त्याला कुलूप बसवले आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला दिली. डबा गेला म्हणून ज्या रुसल्या होत्या, त्या आता किल्लीच्या मालकीण आहेत. निजण्यापूर्वी त्या रात्रीची गोळी घेतात आणि कुलूप लावतात. पाण्याचा तांब्या आणि विजेरी उशाशी राहिली. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात, की एकच गोळी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. लोहाच्या गोळ्यांचेही तसेच, आणि त्या तर गोड गोळीसारख्या लालचुटूक दिसतात. मुलाला औषध देताना "ही बघ चॉकलेटची गोळी" असे म्हणू नये. ते आपले बोलणे खरे मानते.

कापराबद्दल मला स्वतःला काही माहीत नव्हते. देवापुढची वस्तू, तिच्यात काय वाईट, असेच वाटे. पण थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि दिसायला तो खडीसाखरेसारखा. डांबराच्या गोळ्याही तशाच पेपरमिंटसारख्या. काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. आमच्याकडे कापूर आता फडताळात, आणि कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा पाला. डास मारण्याच्या औषधाची बाटली जमिनीलगतच्या प्लगमध्ये लावू नका. रॉकेल, फिनेल सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका.

आता सेल. रिमोटमध्ये, खेळण्यात, वजनकाट्यात गोल चपटा, बटनासारखा सेल असतो. माझ्या धाकट्या जावेच्या मुलाने पलंगावर रिमोटशी खेळता खेळता तो गिळला. कोणी पाहिले नाही. लाळ गळू लागली, जेवेना, खोकला. पहिल्या ठिकाणी खोकल्याचे औषध मिळाले. दुसऱ्या दिवशी फोटो काढला तेव्हा अन्ननलिकेत गोल सेल दिसला. असा सेल अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजून निघते. पोर वाचले. पण दीड महिना नळीने दूध घेत होते, आणि अजून त्याला दर काही महिन्यांनी अन्ननलिका रुंद करून घ्यायला न्यावे लागते. त्याची आई मला सांगते, "वहिनी, मऊ भाताचा घास गिळतानासुद्धा मी त्याच्या गळ्याकडे बघत असते." सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते चिकटपट्टीने बांधा. आजच बांधा. आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक मोठ्या इस्पितळात जाऊन "सेल गिळला असेल, फोटो काढा" असे तोंडाने सांगा.

काहीही विषारी पोटात गेले तर ओकारी काढायची, मीठपाणी पाजायचे, घशात बोटे घालायची, ही आपली जुनी रीत आहे. ती सोडून द्यावी. रॉकेल किंवा जळजळीत पदार्थ वर येताना पुन्हा पोळतो, नाहीतर फुप्फुसात जातो. बाटली, पाकीट जे असेल ते सोबत घेऊन निघावे. दिल्लीच्या एम्स इस्पितळात विषबाधेची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र आहे, त्याचा बिनखर्चाचा क्रमांक १८०० ११६ ११७. रुग्णवाहिकेचा १०८ आपल्याला माहीत आहेच. दोन्ही क्रमांक मी दाराच्या मागे खडूने लिहिले आहेत. मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, घाईत तोच सापडत नाही.

विजेचे थोडक्यात सांगते. खालच्या प्लगांना आत पडदा असलेले नवे सॉकेट बसवून घ्या, आणि वायरमनला घरात तीस मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवायला सांगा. शॉक बसताच ते वीज तोडते. लोखंडी कपाट, टीव्ही, पुस्तकांची मांडणी भिंतीला पट्टीने जखडा. मूल खालचा खण उघडून त्याची पायरी करते आणि सगळे डबोले अंगावर येते. पेटीच्या पलंगाच्या झाकणाला आकडा लावा.

खिडकीजवळ पलंग, खुर्ची, ट्रंक, शिवणाचे यंत्र, काही नको. आडव्या गजांची शिडी होते. उभ्या गजांतली फट चार इंचांहून कमी हवी. जाळीची मच्छरखिडकी म्हणजे संरक्षण नव्हे, ती ढकलली की निघते. पडद्याची लोंबती दोरी वर गुंडाळून ठेवा.

एवढे करूनही पहिल्या रात्री नात निजेना, हेही सांगितले पाहिजे. तिला झोके हवे होते. आम्ही आधी आठ दिवस नुसती दुपारची झोप गादीवर घेतली. पाळण्यातलीच गोधडी, तीच अंगाई, आणि कोपऱ्यात झिरोचा दिवा. ती रात्रीतून तीनचारदा उठायची, मी पुन्हा आडवी करायची, बोलायचे नाही, दिवा मोठा करायचा नाही. पंधरवड्यात जमले. "उठलीस तर बागुलबुवा येईल" असे मात्र आमच्याकडे कोणी म्हणायचे नाही, असा सासूबाईंचाच हुकूम आहे. अंधाराला भ्यालेले मूल उठले की हाक मारत नाही, पांघरुणात दडून बसते. आमची नात उठली की सरळ "पणजी!" म्हणून हाक मारते, आणि पणजीही पलंगावरून "ओ" देते.

शेवटी एक निरोप. आमचा सागवानी पाळणा आता रिकामा आहे. येत्या दोन महिन्यांत आपल्या मंडळात दोघींकडे बाळे येणार आहेत, तेव्हा ज्यांना हवा असेल त्यांनी तो न्यावा. गजांमधली फट मी मोजली आहे, सहा सेंटिमीटरपेक्षा कमी भरते. पण साखळीची एक कडी झिजली आहे, ती लोहाराकडून बदलून घेतल्याशिवाय टांगू नये. बाळ बसू लागले की पाळणा मला परत आणून द्यावा, म्हणजे तो पुढच्या घरी जाईल.